शंभर टक्के हेल्थ

सेकंडहँड वस्तूंच्या बाजारात डॉक्टर हा मोठा अजब प्राणी आहे. तो गाडी घेतो आणि चालवत नाही, ट्रेडमिल घेतो आणि धावत नाही, लॅपटॉप घेतो आणि उघडत नाही. दोन-तीन वर्षांनी हे सगळं ‘डॉक्टर यूज्ड, सिंगल हँड, एकही स्क्रॅच नाही’ म्हणून विकायला निघतं. डॉक्टरीणबाई असतील तर भाव आणखी पाचशेनं जास्त. वकिलानं वापरलेली गाडी किंवा प्राध्यापकानं वापरलेला फ्रिज विकायला आलेला मी तरी पाहिलेला नाही. एक तर ही मंडळी वस्तू संपेपर्यंत वापरत असणार, नाहीतर विकताना तीही डॉक्टर होत असणार. प्राध्यापक तर बहुतेक आधीच झालेले असतात.

जुनी एसएसडी विकताना डॉक्टरांच्या जोडीला हेल्थही येते. ‘पाचशे जीबी, हेल्थ १०० टक्के, अर्जंट सेल, टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.’ गरगर फिरणारी हार्ड डिस्क मागे पडून तिच्या जागी ही चपटी, मुकी डबी आली, तेव्हापासून कॉम्प्युटर चालू करून मध्ये चहा टाकून यायची सोय गेली. नवी घ्यावी, तर २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा अशा उचलायला घेतल्या की भाव ऐकून माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत दुकानातून बाहेर पडतो. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनची देखभाल थांबवली आणि बऱ्याच कंपन्यांनी जुने लॅपटॉप लॉटच्या लॉट काढून टाकले. त्यातून उपटलेल्या एसएसडींना बाजारात ‘पुलआउट माल’ म्हणतात. माल आहे, गिऱ्हाईक आहे, आता फक्त घेताना बघायचं काय एवढंच ठरायचं बाकी.

बघायचं काय, तर टक्के! टक्के दाखवले की मराठी माणूस पुढचं काही विचारत नाही. दहावीच्या निकालानं त्याची घडणच तशी केली आहे. बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव गुण, असं करत २०२५ साली राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. आता यांतल्या कोणाला गणितात नेमके किती, हे पेढा खाताना कोणी विचारतं का? एसएसडीचंही तसंच. शंभर म्हणजे शंभर. कशाचे, कोणी दिले, असल्या चौकशा करणारा माणूस विघ्नसंतोषी ठरतो.

तरी चौकशी करू. प्रत्येक ड्राइव्हच्या पोटात ‘स्मार्ट’ नावाची एक नोंदवही असते. ही पद्धत १९९०च्या दशकापासूनची आहे. ती वाचायला बहुतेक जण क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं जपानी सॉफ्टवेअर वापरतात. निळा चौकोन आला की ‘गुड’, पिवळा आला की ‘कॉशन’, लाल आला की ‘बॅड’. याच्या एका आवृत्तीत आकड्यांशेजारी मोठ्या डोळ्यांची एक कार्टून मुलगी उभी असते. दुकानदार ती आवृत्ती ठेवत नाहीत, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. गिऱ्हाईक मुलीकडे बघत राहिलं असतं आणि आकडे वाचायचे राहून गेले असते.

त्या निळ्या चौकोनातला आकडा सगळे तब्येतीचा समजतात. असतो तो झिजेचा. फ्लॅश मेमरीत काही साठवायचं म्हणजे इलेक्ट्रॉन एका अतिपातळ वीजरोधक थरातून पलीकडे ढकलून तिथे कोंडून ठेवायचे. १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी हे तंत्र बसवलं. ढकलायला बराच विजेचा दाब लागतो आणि पुसताना त्यांना त्याच थरातून परत ओढून काढावं लागतं. दर खेपेला थर किंचित कमजोर होतो. त्यात भर म्हणजे लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणजे त्यातली कामाची पानं आधी दुसरीकडे उतरवून घ्यायची. तुम्ही एक टायपिंगची चूक सुधारता तेव्हा आत एवढी उस्तवार चाललेली असते. एका खणात एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा असं लाखभर वेळा सोसायच्या. हल्ली खणात तीन-तीन, चार-चार बिटं कोंबतात, त्या हजाराच्या घरातच दमतात.

म्हणून कंपनी आधीच सांगून ठेवते, की अमुक इतकं लिहाल तोवर आमची हमी. सॅमसंगच्या ८७० इव्हो या पाचशे जीबीच्या ड्राइव्हला ही मर्यादा ३०० टीबी आहे. घरगुती माणूस रोज वीस जीबी लिहितो असं सढळ हातानं धरलं, तरी ३०० टीबी संपायला ४१ वर्षं लागतात. तोवर विकणारा, घेणारा आणि तो डॉक्टर, तिघंही पेन्शनीत निघालेले असतील. टक्के म्हणजे ढोबळमानानं या हमीतला किती वाटा शिल्लक आहे तेवढा हिशेब. ड्राइव्ह उद्या सकाळी उठणार की नाही, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

नव्या, एनव्हीएमई जातीच्या ड्राइव्हमध्ये तर हिशेब उलटा मांडतात: किती टक्के वापरून झाली. नियमातच लिहून ठेवलंय की हा आकडा शंभराच्या पुढे जाऊ शकतो आणि २५४च्या पुढे गेला तर सरसकट २५५ दाखवावेत. आपल्या बोर्डालासुद्धा हे अजून सुचलेलं नाही. आणि शंभर ओलांडले म्हणून ड्राइव्ह मरतेच असं नाही. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या मंडळींनी २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर रात्रंदिवस लिहीत राहून त्यांचा अंत बघितला. सगळ्यात चिवट निघाली ती २५६ जीबीची ड्राइव्ह २.४ पेटाबाइट, म्हणजे तब्बल २४०० टीबी, लिहून झाल्यावर गेली. उलट २०२३च्या सुरुवातीला सॅमसंगच्या नव्याकोऱ्या ९९० प्रोचे टक्के काही जणांकडे भराभर उतरायला लागले. फेब्रुवारीत कंपनीनं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून गळती थांबवली, पण गेलेले टक्के काही परत आले नाहीत. इथे फेरतपासणीचा अर्ज चालत नाही.

बहुतेक ड्राइव्ह झिजून मरतच नाहीत. कंट्रोलर जळतो, डाग सुटतो, नाहीतर फर्मवेअर दगा देतं. क्रुशल कंपनीच्या एम४ ड्राइव्ह ५,१८४ तास भरले की तासातासाला बेशुद्ध पडायच्या. त्यावरचं औषध २०१२च्या जानेवारीत आलं. २०१९च्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीनं सर्व्हरवाल्यांना कळवलं, की आमच्या काही एसएसडी ३२,७६८ तास भरताच आतल्या माहितीसकट कायमच्या जातील, तरी फर्मवेअर बदलून घ्या. म्हणजे तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. चिन्हासकट सोळा बिटांत ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, पुढचा तास मोजायला जागा नाही. लोक शहाणपणा करून एका ड्राइव्हची नक्कल दुसरीवर ठेवतात. पण दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या असल्या, तर दोघींचा मुहूर्तही एकच. आदल्या तासाला बघितलं असतं, तरी चौकोन निळाच दिसला असता.

हे सगळं आमच्या सोसायटीतल्या बँकवाल्या काकांना समजावून सांगायची वेळच आली नाही. काकांची शेवटची वर्षं बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. शंभर टक्के या शब्दावर त्यांचा मुळातच विश्वास नाही. त्यांच्या काळी साठ टक्क्यांना अख्ख्या चाळीत पेढे वाटले गेले होते आणि तेवढे मिळवायला रात्र रात्र जागावं लागलं होतं. ‘जिथं बाकी पैशापैशापर्यंत जुळते, तिथंच आम्ही आधी बसायचो,’ असं ते सांगतात. काकांच्या जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी घ्यायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा.

दुकान म्हणजे एक जिना आणि वर पोटमाळा. काउंटरवर केबलींचा गुंता, त्यात कुठेतरी मालक. त्यानं खोक्यातून एक ड्राइव्ह काढली, यूएसबीच्या वायरीला जोडली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. निळा चौकोन. ९६ टक्के.

‘‘ओरिजिनल माल आहे, काका. डॉक्टरीणबाईच्या लॅपटॉपमधली. पेशंटची नावं लिहायच्या, बस.’’

‘‘चार टक्के कुठे गेले?’’ काकांनी चष्मा पुसत विचारलं.

‘‘पेशंट असणारच ना, काका.’’

काका खालच्या ओळींकडे वळले. ‘पॉवर ऑन अवर्स’च्या पुढे ४ई२० असं काहीतरी होतं. ‘‘अरे, आकड्यात ई कुठून आली?’’ म्हणून ते माझ्याकडे वळले. या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडे षोडशमानात दिसतात, मेनूत जाऊन दशमान करून घ्यावे लागतात. तास आणि लिखाण वरच्या कोपऱ्यात सरळ वाचता येईल असं लिहिलेलंही असतं, पण खिडकी अशी सरकवून ठेवली होती की तो कोपरा नेमका स्क्रीनच्या बाहेर. काकांनी माउस मागून घेतला आणि खिडकी मध्यावर ओढली. तास: २०,०००. चालू-बंद: १९ वेळा. एकूण लिखाण: १२ टीबीच्या आसपास.

काकांनी खिशातली डायरी काढली. ‘‘वीस हजार भागिले चोवीस म्हणजे ८३३ दिवस. सव्वादोन वर्षं. अहो, या बाईंनी सव्वादोन वर्षं लॅपटॉप बंदच केला नाही?’’

‘‘डॉक्टर लोक बिझी असतात, काका.’’

पण काकांना उत्तर नकोच होतं, त्यांना टॅली लागली होती. ड्राइव्हची हमी ३०० टीबीची, लिहून झाले १२. म्हणजे चार टक्के. गेलेले चार टक्के सापडले. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. ‘‘टक्के खरे आहेत,’’ ते म्हणाले, ‘‘बाई खोट्या आहेत.’’

मग ड्राइव्ह आली कुठून, याचा शोध. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधली असेल, असं मी सुचवलं. काकांनी तेही तपासून बघितलं. चार कॅमेरे, प्रत्येकी चार मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दोन एमबी, दिवसाला १७३ जीबी. ८३३ दिवसांत १४४ टीबी व्हायला हवे होते, इथे तर १२च. १९पैकी १७ वेळा ती रीतसर बंद न होता लाइट गेल्यानं बंद पडली होती, हीसुद्धा नोंद वहीत होती. सव्वादोन वर्षांत फक्त सतरा वेळा, म्हणजे मुंबईतलीच. विदर्भातली असती तर एका मे महिन्यात तेवढं उरकलं असतं. निष्कर्ष असा निघाला की ही ड्राइव्ह दिवसरात्र जागी होती, पण काम जवळपास काही नव्हतं. मॉलमधला जाहिरातींचा पडदा, नाहीतर एखाद्या कचेरीच्या दारावरचं हजेरीचं यंत्र.

‘‘असतात रे अशा नोकऱ्या,’’ काका म्हणाले. त्यात तिरस्कार किती होता आणि हेवा किती, हे मला सांगता येणार नाही.

खरं तर एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे नुसतं जागं राहून तिचं फारसं बिघडत नाही. वीस हजार तास हा आकडा ऐकायला भीतिदायक, पण बारा टीबी लिहिलेली ड्राइव्ह म्हणजे चांगलाच माल. दुकानदारानं खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तासांचा आकडा तसाही जपूनच घ्यावा लागतो, कारण काही एनव्हीएमई ड्राइव्ह डुलकीतला वेळ तासांत धरत नाहीत. नियमातच तशी मुभा आहे. हे ऐकल्यावर, आमच्या बँकेत हा नियम लावला असता तर अर्ध्या शाखेची पेन्शन बसली नसती, असं काकांनी नमूद केलं.

गिऱ्हाईक आकडे वाचतंय म्हटल्यावर दुकानदारानं दुसरी ड्राइव्ह काढली. ‘‘मग ही घ्या. हंड्रेड पर्सेंट. भाव थोडा जास्त.’’ चौकोन निळा, टक्के शंभर. तास दोन. लिखाण शून्य. काकांनी स्क्रीन सोडून ड्राइव्ह हातात घेतली. लेबलावर २०१९ साल, अक्षरं उडालेली, स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे, आणि पुढच्या सोनेरी पट्ट्यांवर वारंवार खुपसल्या-उपसल्याच्या रेघा. ‘‘एवढी वर्षं झाली जन्माला येऊन आणि आजवर दोनच तास जागी?’’

नोंदवही कोरी करून देणारी हत्यारं बाजारात मिळतात, आणि त्यांना लागणारा मालही. २०२१ साली चिया नावाच्या आभासी नाण्याची लाट आली होती. त्यात शंभरेक जीबीची एक फाईल बनवायला दीड टीबीच्या आसपास लिखाण व्हायचं, आणि हे चोवीस तास. साध्या एसएसडी काही आठवड्यांत पिळून निघायच्या. लाट ओसरली, माल उरला. २०२५च्या जानेवारीत युरोपात सीगेटच्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. वापरलेल्या डिस्कांची ‘स्मार्ट’ नोंद पुसून शून्य केली होती, पण कंपनीनं आत एक दुसरीही वही ठेवलेली असते, तिच्यात हजारो तास तसेच राहिले होते. काकांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी तो डायरीत लिहून घेतला. दुहेरी नोंद पद्धतीचा विजय!

याहून वरची पायरी म्हणजे ड्राइव्हच नसणं. माझ्या मेहुण्यानं ऑनलाइन ‘१६ टीबी’ची एसएसडी घेतली, दोन जणांच्या हॉटेलच्या बिलात. आत फोनमध्ये घालतात तसलं इवलंसं कार्ड चिकटवलेलं असतं. कॉम्प्युटरला ती सोळा टीबी सांगते आणि खरी जागा भरली की पुढचं मागच्यावरच लिहीत सुटते. नुसत्या वजनावरून ओळखू येत नाही, कारण अस्सल अडीच इंची एसएसडीसुद्धा आतून बरीचशी पोकळच असते. काठोकाठ भरायची आणि लिहिलेलं परत वाचून ताडायचं, हाच उपाय. त्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आहे, लिनक्सवर एफ३ आहे. मेहुण्याचं म्हणणं, ‘भरली की बघू.’ त्याला खात्री आहे की सोळा टीबी आपल्या हयातीत भरणार नाहीत, आणि या मुद्द्यावर त्याला हरवणं कठीण आहे.

काकांनी ९६ टक्केवालीसाठी हीच परीक्षा दुकानात घ्यायला लावली. काठोकाठ भरायला वीसेक मिनिटं, वाचायला तेवढीच. दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि दोन कटिंग मागवले. भरायच्या आधी पुसणं आलं, आणि पुसायच्या आधी आत काय आहे ते दिसलं. एक फोल्डर राहून गेला होता. त्यात एकच व्हिडिओ: ‘मान्सून साडी महोत्सव, ५० टक्क्यांपर्यंत सूट’. दुकानदार एकदम पंख्याकडे बघायला लागला. काका काही बोलले नाहीत, फक्त डायरीत ‘मॉल’ या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

लिहिलेलं आणि वाचलेलं तंतोतंत जुळलं. आता भाव.

‘‘चार टक्के झिजलीय, चार टक्के कमी करा.’’

‘‘काका, वीस हजार तास चालून दाखवलंय तिनं. त्या अनुभवाचे जास्त लावू का?’’

‘‘वॉरंटी?’’

‘‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी. पण टेस्टिंग तर तुम्ही आत्ताच केलीत.’’

शेवटी दोनशे रुपये कमी करण्यावर तडजोड झाली. काकांनी नोटा मोजून दिल्या आणि सवयीनं बिल मागितलं.

‘‘देतो की. जीएसटी १८ टक्के वर लागेल.’’

दिवसभरात समोर आलेला हा एकच टक्का असा होता, ज्याची काकांनी उलटतपासणी घेतली नाही. इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेला तो माणूस ड्राइव्ह खिशात घालत म्हणाला, ‘‘राहू द्या. कशाला उगाच कागद वाया घालवता?’’